ओल्या मालाची वाट

महाडच्या औद्योगिक वसाहतीत औषधनिर्मितीचा जो व्यवसाय चालतो तो बहुतांशी मूळ औषधद्रव्यांचा आहे. म्हणजे येथील रिॲक्टरांतून, सेंट्रीफ्यूजांतून आणि ड्रायरांतून उतरलेले चूर्ण पिंपांत भरून, सील लावून, गोव्यास, गुजरातेत, हिमाचलातील बद्दीस अथवा परदेशी रवाना होते, आणि रोगी ज्या रूपात ते गिळतो ते गोळीचे रूप त्यास अन्यत्र प्राप्त होते. त्यामुळे पोलादपूरच्या गावागावांतून पहिल्या पाळीस येणाऱ्या कामगारांपैकी अनेकांच्या कानांवरून ‘ग्रॅन्युलेशन’ हा शब्द गेलेला असला, तरी ते काम प्रत्यक्ष पाहिलेले थोडेच आढळतात. परंतु येथील एका लहान कारखान्याच्या चालकांनी, आपले चूर्ण आपल्याच आवारात गोळीपर्यंत का नेऊ नये, असा विचार मनात धरला, त्या विचाराचा पहिला नकाशा कागदावर उतरला, आणि औषधांच्या धंद्यातील एक जुना वाद त्या नकाशाबरोबर आमच्या घरात शिरला.

चूर्ण जसेच्या तसे गोळीच्या यंत्रात ओतले तर बहुधा ते धड वाहत नाही. साच्यात कधी अधिक, कधी उणे उतरते. औषधाचे कण आणि पूरक द्रव्यांचे कण हलता हलता परस्परांपासून वेगळे होतात. आणि ज्या गोळीत पाच मिलिग्रॅम औषध असावयाचे तीत चार किंवा सहा निघण्याचा संभव निर्माण होतो. म्हणून स्टार्चची खळ किंवा पॉव्हिडोनचे द्रावण असा बाइंडर घालून ते मळावयाचे, त्याचे दाणे बांधावयाचे, दाणे वाळवून चाळावयाचे, आणि मगच त्यांस दाब द्यावयाचा, असा ग्रॅन्युलेशनचा शिरस्ता पडला. मळण्याच्या यंत्रास कारखान्यात आरएमजी म्हणतात: स्टीलचे खोल पातेले, त्याच्या तळाशी फिरणारे रुंद इम्पेलर, आणि कडेला गुठळ्या फोडणारा लहान, वेगवान चॉपर. वाळवण्याचे यंत्र म्हणजे एफबीडी: ज्याच्या जाळीदार तळातून गरम हवा वर चढते आणि दाण्यांचा थर आधणाच्या पाण्यासारखा खदखदत राहतो, असे उभे पात्र. ही दोन यंत्रे स्वतंत्र ठेवून माल एकातून दुसऱ्यात माणसांकरवी न्यावा, की नळ्यांनी, झडपांनी आणि एका संगणकाच्या हुकमतीने त्यांची अखंड मालिका करावी, हा तो वाद होय.

बोलणारे दोघेही माझ्या घरचे. माझे मामा मूळचे पोलादपूरचे, गोव्यातील वेर्ण्याच्या वसाहतीत गोळ्यांच्या खात्यात नोकरी करून निवृत्त झालेले. माझी धाकटी बहीण, म्हणजे त्यांची भाची, महाडच्या त्याच लहान कारखान्याच्या प्रकल्प विभागात अभियंता. मामांनी आयुष्यभर एका खात्यात पुष्कळ औषधे केली. भाचीने आजवर एकाच प्रकारची मूळ द्रव्ये केली, पण ती द्रावकांच्या वाफांत उभे राहून केली. आणि दोघांच्या मतांत जो भेद आहे त्याचे मूळ मला या दोन अनुभवांत दिसते. त्यांच्या निरनिराळ्या वेळच्या बैठकींतील बोलणे मी येथे सलग करून मांडीत आहे.

मामा: तुझ्या नकाशात आरएमजीच्या तोंडाशी मिल, मिलपासून नळी, नळीचे दुसरे टोक एफबीडीच्या पोटात, तेथून पुन्हा नळी, पुन्हा मिल, आणि शेवटी ब्लेंडरचा बिन, असे सगळे एका माळेत ओवलेले आहे. पाहावयास सुरेख आहे. मला एवढेच सांग, आरएमजीत एक लॉट मळून व्हावयास वेळ किती लागेल?

भाची: कोरडे मिश्रण, बाइंडर, मळणी, सगळे धरून अर्धा तास.

मामा: आणि वाळावयास?

भाची: पाण्यावरचा माल असेल तर तास, दीड तास.

मामा: म्हणजे तुझे आरएमजी दर दीड तासातला तासभर हात बांधून उभे राहणार. वेर्ण्यास आम्ही एका आरएमजीवर दोन एफबीडी चालवीत असू. एकात माल वाळतो आहे तोवर दुसऱ्याचे बाउल भरावयास घ्यावयाचे. एखाद्या एफबीडीच्या गाळणीची फिंगर बॅग फाटली, ब्लोअर बिघडला, तरी खाते बंद पडत नसे. माळेत ओवलेल्या यंत्रांचा वेग त्यांतल्या सर्वांत मंद यंत्राचा, आणि त्यांचे आरोग्य त्यांतल्या सर्वांत दुखणाईत यंत्राचे. हा हिशेब तुझ्या साहेबांनी मांडला आहे का?

भाची: मांडला आहे, मामा. पण त्या हिशेबात यंत्राचा वेळ धरलेला आहे. मालाचा आणि माणसाचा धरलेला नाही. तुमच्या पद्धतीत मळलेला माल पातेल्यातून टबात पडतो, हेल्पर तो स्कूपने मल्टीमिलमध्ये टाकतो, मिलखालून तो बाउलमध्ये येतो, मग बाउलची ट्रॉली ढकलत एफबीडीखाली न्यावयाची. तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली, पाळी बदलली, गुणवत्ता खात्याचा माणूस सहीस आला नाही, तर तो माल तेथेच बसून राहतो.

या ठिकाणी मला थांबले पाहिजे, कारण हा वाद ज्या थोड्या पावलांच्या अंतरावर आधारलेला आहे ते अंतर कारखान्याबाहेरच्या वाचकास सहसा दिसत नाही. ओला माल टबात पडला की त्याच्या पृष्ठभागावरचे पाणी उडू लागते आणि पोटातले तसेच राहते. खालचे दाणे वरच्यांच्या भाराने चेपून पुन्हा एकजीव होऊ लागतात, व मग मिलच्या चाळणीतून निघताना त्यांची एकतर पीठ-भुकटी होते किंवा खडे. खळीवर बांधलेला माल तर सूक्ष्मजीवांसही रुचतो. म्हणूनच ओला माल किती काळ ठेवता येईल याची मर्यादा आधी प्रयोगाने ठरवून बॅचच्या दप्तरात लिहावी लागते. दुपारच्या पाळीतला हेल्पर हे सर्व जाणत असतोच असे नाही. त्याच्यासमोर टब असतो, स्कूप असतो, आणि नाकावरच्या मास्कच्या आत साचलेला घाम असतो. दोन यंत्रांमधील ही वाट कोणाच्या हातांनी आणि किती वेळात काटली जाते, यावर औषधाची प्रत जितकी अवलंबून असते तितकी ती यंत्राच्या नामांकित बनावटीवर नसते, असे माझे मत बनत गेले आहे.

मामा: माल बसून राहतो ही तक्रार रास्त आहे, पण ती पर्यवेक्षकाची तक्रार आहे, यंत्राची नव्हे. आणि एक लक्षात घे, मी काही जुन्याचा अभिमानी नाही. मी उमेदवारी केली ती ट्रे ड्रायरवर. रात्रभर ट्रे आत, मध्यरात्री उठून माल खालवर करावयाचा, ट्रेंची जागा बदलावयाची; आणि एवढे करून रंगीत गोळ्यांवर ठिपके उठत, कारण ट्रेमध्ये पाणी वरच्या अंगाने उडते आणि विरघळलेला रंग, कधी औषधसुद्धा, आपल्याबरोबर वर ओढून आणते. एफबीडी आला तेव्हा आम्ही पेढे वाटावयाचे तेवढे ठेवले. तेव्हा वाळवणे सुधारले त्याचा मला आनंदच आहे. माझा प्रश्न आहे तो ओल्या मालावर झाकण घालण्याचा.

भाची: झाकण घातल्याने बिघडते काय?

मामा: हात जातो. माल झाला की नाही हे मी मूठ भरून पाहत असे. मूठ दाबली की गोळा झाला पाहिजे, आणि अंगठ्याने दाबताच त्याचे दोन स्वच्छ तुकडे झाले पाहिजेत. चुरा झाला तर बाइंडर कमी. बोटांना चिकटून राहिला तर अति झाला, आता देवसुद्धा सोडवणार नाही. त्याच्या आधीच चॉपरचा आवाज जड होतो, तो खोलीच्या दाराशी ऐकू येतो. तुझ्या बंद मालिकेत ही मूठ कोठून भरावयाची?

भाची: नमुना काढण्याची सोय ठेवता येते. शिवाय इम्पेलरच्या मोटरवर पडणारा भार क्षणाक्षणास नोंदला जातो; ओलावा मोजणारे नीअर-इन्फ्रारेड प्रोब पात्रात बसवता येतात. अमेरिकेच्या एफडीएने प्रक्रिया चालू असतानाच मोजण्याच्या या पद्धतीचे मार्गदर्शन २००४ मध्येच प्रसिद्ध केले. तुमची मूठ तुमच्याबरोबर निवृत्त झाली, मामा. मोटरच्या भाराची रेघ दप्तरात राहते आणि पुढच्या माणसाला वाचता येते.

मामा: ॲमीटर मीही पाहत होतो, आणि त्याचा काटा किती बोलतो हेही मला ठाऊक आहे. चूर्णाचे कण बारीक आले तर त्याच काट्यावर माल अजून कोरडा असतो. भरड आले तर त्याच काट्याच्या आधीच चिखल होतो. काटा भार सांगतो, भाराचे कारण सांगत नाही. आणि तुमचे चूर्ण तर तुमच्याच घरचे. ते दर बॅचला एकसारखे निघते का?

हा प्रश्न भाचीच्या वर्मी लागला, हे तिच्या क्षणभराच्या विलंबावरून मला कळले. आणि तिने जे उत्तर दिले त्यात महाडच्या धंद्याचा सगळा अनुभव होता. मूळ द्रव्यांच्या कारखान्यात हाच वाद निराळ्या यंत्रांवरून पूर्वीच होऊन गेला आहे. तेथे जुनी रीत अशी की सेंट्रीफ्यूजमध्ये स्फटिक गाळावयाचे, द्रावकाने भिजलेला केक फावड्याने खणून काढावयाचा, पिशव्यांत वा ट्रेंत भरून ड्रायरकडे न्यावयाचा. नवी रीत अशी की गाळणे, धुणे आणि वाळवणे ही तिन्ही कामे एकाच बंद पात्रात, फिरत्या पात्यांच्या एएनएफडीमध्ये, उरकावयाची.

भाची: आमच्या खात्यात एएनएफडी आला त्या दिवसापासून केक खणण्यासाठी कोणाला वाकावे लागले नाही. माझ्या दृष्टीने वाद तेथे संपला. पण तुम्ही विचारता म्हणून सांगते. सुरुवातीला स्फटिक मोडत होते. माल अर्धवट ओला असताना पाते फिरवले की एकतर गोळे वळत, नाहीतर घासून भुगा होई. पुढे आम्ही पहिला काही वेळ पाते स्थिर ठेवून, नुसत्या निर्वाताने द्रावक ओढून घेऊ लागलो. तरीही कणांचा आकार सेंट्रीफ्यूजच्या मालाइतका सारखा येत नाही. आणि पात्याच्या खाली, जाळीवर, मालाचा एक थर दर बॅचला शिल्लक राहतोच.

मामा: बघ, जोडलेल्या यंत्राचा हा धर्मच आहे. त्याच्या पोटात काहीतरी राहते. तुझ्या नळीच्या वळणांतही राहील. एकच औषध वर्षभर करणार असशील तर राहू दे, पुढच्या बॅचबरोबर निघेल. पण आज मधुमेहाचे, उद्या रक्तदाबाचे, परवा जंताचे, असे करावयाचे म्हटले की प्रत्येक वळण, प्रत्येक गॅस्केट, प्रत्येक झडप उघडून, धुऊन, पुसून, स्वॅब घेऊन, प्रयोगशाळेचा दाखला येईपर्यंत थांबावे लागते. सुटी यंत्रे दोन माणसे एका पाळीत उघडी करतात. तुमचे साहेब किती औषधे करणार आहेत?

भाची: प्रथम दोन. पुढे सहा-सात, असे म्हणतात.

मामा: म्हणतात तेच मोजावे.

भाची: धुण्याची व्यवस्था मालिकेत आत बसवलेली असते, फवाऱ्यांनी गरम पाणी फिरते. आणि पाण्याचा हिशेबही आम्हांला करावा लागतो, कारण धुण्याचे प्रत्येक पिंप शेवटी वसाहतीच्या सामायिक सांडपाणी केंद्राकडे जाते, आणि सावित्री नदीच्या काठी राहून ते विसरता येत नाही.

मामा: फवारा जेथे पोचतो तेथले धुतो. जेथे पोचत नाही तेथेच माल साचलेला असतो. फवाऱ्याने पहिली धुलाई करा, पण उघडून पाहण्याची सोय काढू नका, एवढेच माझे म्हणणे.

येथवर मामांचे पारडे जड होते असे वाचकास वाटेल, आणि मलाही तसे वाटत होते. परंतु भाचीच्या मनात जी गोष्ट आरंभापासून होती ती तिने अजून काढली नव्हती. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी महाडच्या वसाहतीतील एका औषध-कारखान्यात स्फोट होऊन आग लागली आणि अकरा कामगार प्राणास मुकले. ती घटना ग्रॅन्युलेशनच्या खात्यातली नव्हती. परंतु त्या दिवसानंतर या वसाहतीत काम करणाऱ्या माणसाशी यंत्रांच्या मांडणीविषयी बोलताना त्या आठवणीस वगळून बोलणे शक्य नाही, आणि वगळूही नये.

भाची: काही औषधांना पाणी चालत नाही, ती आयसोप्रोपिल अल्कोहोलवर बांधावी लागतात. त्याचा ज्वलनांक बारा अंशांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे बाराही महिने त्याची वाफ पेट घेण्याजोगी. हवेत दोन टक्क्यांच्या वर ती झाली की नुसती ठिणगी पुरते. आणि एफबीडीत तर कोरडे दाणे घासून स्थिर विद्युत निर्माण होतच असते. असा माल मी उघड्या टबातून, स्कूपने, माणसाकडून नेववणार नाही. उत्पादन कमी होवो, आरएमजी रिकामे उभे राहो, धुलाईस दोन दिवस लागोत. बारा बारच्या धक्क्यास टिकणारी बंद पात्रे घ्यावयाची आणि माणूस खोलीबाहेर ठेवावयाचा.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी जे सांगितले ते मला या सर्व संवादातील सर्वांत मोलाचे वाटते, कारण त्यांनी तिची भीती मान्य करूनच तिचा उपाय तपासला.

मामा: माणूस खोलीबाहेर ठेव, हे मी आधी लिहून देतो. पण दोन पात्रे नळीने जोडलीस की एकातली ज्वाला दुसऱ्यात जावयास तूच रस्ता करून दिलास. म्हणून नुसती मजबूत पात्रे घेऊन भागत नाही. त्या नळीवर क्षणार्धात मिटणारी झडप लागते, आणि ती मिटते की नाही याची नियमित परीक्षा घ्यावी लागते. ती झडप महाग म्हणून पुढच्या वर्षीच्या खर्चात ढकलली, असे होऊ देऊ नकोस. त्यापेक्षा अल्कोहोलवरच्या मालाला ही मालिकाच नको. त्याच पातेल्यात निर्वातावर वाळवणारी एकपात्री यंत्रे असतात, ती घे. पन्नास मिलिबारवर पाणीसुद्धा तेहेतीस अंशांस उकळते, मग अल्कोहोलाची काय कथा. वाफ कंडेन्सरमध्ये पकडली जाते, हवेचा झोत नाही, घर्षण कमी, आणि माल जागचा हलत नाही.

भाची: मोठ्या मापात ती फार मंद होतात. पात्र मोठे झाले की माल वाढतो त्या प्रमाणात तापणारी भिंत वाढत नाही.

मामा: मग लहान माप घे. अल्कोहोलवरचा तुझा माल तरी किती असणार?

सहा-सातांपैकी एक किंवा दोन, असे ती म्हणाली; आणि वादाचा एक मोठा भाग येथे आपोआप गळून पडला. यंत्रांच्या निवडीत सर्वांना एकच नियम लावण्याचा आग्रह किती वेळ वाया घालवतो, हे मला तेव्हा उमगले.

सततच्या प्रवाहाने चालणाऱ्या यंत्रांचाही विषय निघाला, कारण जुळ्या स्क्रूंमधून एका टोकाने चूर्ण घालून दुसऱ्या टोकाने दाणे काढणारी ही पद्धत आता जगात रुजू लागली आहे. २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने एका प्रचलित गोळीचे उत्पादन बॅचवरून सतत पद्धतीवर नेण्यास प्रथम संमती दिली, आणि २०२२ मध्ये औषधनियमांत देशोदेशी एकवाक्यता आणणाऱ्या आयसीएचने त्यासाठी क्यू-१३ हा स्वतंत्र मार्गदर्शक ग्रंथ स्वीकारला. पण दोघांचेही मत पडले की वर्षाकाठी अवाढव्य प्रमाणात एकच गोळी करणाऱ्यास ते शोभते, लहान कारखान्यास तूर्त नाही. या निवडीत कायद्याचेही नाव घेतले गेले. २८ डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेने औषध नियमांतील उत्पादनाच्या चांगल्या पद्धतींविषयीचे शेड्यूल एम नव्याने लिहिले गेले, आणि २५० कोटींपर्यंत उलाढाल असणाऱ्या कारखान्यांस वाढवून दिलेली मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंतची होती; त्या धास्तीने यंत्रे विकणारे ‘मालिका घ्या, म्हणजे तपासणीची चिंता नको’ असे सांगत फिरत असत. वस्तुतः तो कायदा एका औषधाचा अंश दुसऱ्यात जाऊ देऊ नका असे सांगतो. हा अंश कसा थोपवावा याची नळी कायदा दाखवीत नाही.

मामा: आता मला एक सांग, तू एवढे झाकण घालतेस ते धुळीसाठी, खरे ना?

भाची: मुख्यतः धुळीसाठीच. आमच्या यादीतले एक औषध तर मायक्रोग्रॅममध्ये दिले जाते. ते हेल्परच्या श्वासात जाता कामा नये.

मामा: मग ओल्या मालाची धूळ कधी उडालेली पाहिलीस? धूळ उडते ती कोरडे चूर्ण आरएमजीत ओतताना, आणि वाळलेले दाणे बाउलमधून उपसून मिलमध्ये टाकताना. मास्क पांढरा होतो तो तेथे. तू पैसे घालते आहेस मधल्या ओल्या नळीवर, आणि सुरुवातीच्या टोकाला तुझ्याच नकाशात पिंप उचलून ओतावयाचे दाखवले आहे!

भाचीने नकाशा पुन्हा उघडला. आरएमजीच्या झाकणाशी, दोन माणसे मंचकावर उभी राहून पिंप रिते करीत आहेत असे चिन्ह खरोखरच तेथे होते. तिने पेन्सिलीने त्यावर काट मारली आणि पिंपापासून पातेल्यापर्यंत निर्वाताने चूर्ण ओढून घेणारी नळी दाखवली. वाळलेल्या मालाच्या बाजूची नळी होती तशीच ठेवली. मग मधल्या ओल्या वाटेकडे वळली.

भाची: पण ओला माल बसून राहतो, ते कसे टाळू?

मामा: आरएमजी वरच्या मंचकावर चढव. त्याच्या तोंडाखाली मिल, मिलखाली आखूड, सरळ, हाताने काढून धुता येईल असा शूट, आणि शूटखाली एफबीडीचे बाउल, झाकण लावलेले. माल स्वतःच्या वजनाने खाली येईल. बाउल भरले की झाकणासकट ढकलून एफबीडीखाली न्यायचे आणि दुसरे बाउल शूटखाली. टब नाही, स्कूप नाही, वळण नाही, आणि एका आरएमजीवर दोन एफबीडी चालतात. मूठ भरावयास मिलच्या आधी एक झरोका ठेव. मोटरच्या भाराची तुझी रेघही ठेव. पहिले वर्षभर दोन्ही एकाच कागदावर लिहीत जा, म्हणजे रेघ कधी खरे बोलते ते कळेल.

भाची: नियंत्रण एकाच संगणकावर?

मामा: नोंद एकावर, पण प्रत्येक यंत्राला स्वतःचे बटण. २२ जुलै २०२१ ची रात्र आठव. महाड पाण्याखाली, वीज नाही, रस्ता नाही. अशा वेळी जनरेटरवर सगळी माळ उठत नाही. निदान एक एफबीडी चालला तर मळलेला माल वाळवून घेता येतो. शिवाय यंत्र बिघडले तर दुरुस्तीला माणूस येणार कोठून? शिरवळहून. वरंधा घाट पावसाळ्यात कितीदा बंद असतो हे का तुला सांगावयास हवे? आंबेनळी घाटाचा भरवसा त्याहून कमी. जे आपल्या फिटरला उघडता येते तेच कोकणात टिकते.

यंत्रे शिरवळला बनतात हे खरे. सातारा जिल्ह्यातील त्या गावी एसीजी कंपनीचा यंत्रनिर्मितीचा कारखाना आहे, आणि महाडहून सरळ रेषेत पाहिले तर सह्याद्रीची एक भिंत काय ती मध्ये आहे. पण त्या भिंतीमुळे दोन्ही बाजूंच्या हवेत जे अंतर पडते ते या विषयात मला सर्वांत उपेक्षित वाटत आले आहे, आणि भाचीने त्याचे आकडे काढून ठेवले होते म्हणून ते येथे देतो. आषाढात महाडची हवा तीस अंशांवर पंच्याऐंशी टक्के आर्द्र असली, तर प्रत्येक किलो कोरड्या हवेबरोबर सुमारे २३ ग्रॅम बाष्प एफबीडीत शिरते. फाल्गुनातल्या दुपारी त्याच तपमानावर आर्द्रता चाळीस टक्के असली, तर साडेदहा ग्रॅमच्या आसपास. दोन्ही हवा साठ अंशांपर्यंत तापवल्या तर पहिलीची सापेक्ष आर्द्रता अठरा टक्के राहते आणि दुसरीची आठ-नऊ. स्टार्च व सेल्युलोज हे पदार्थ हवेशी समतोल साधूनच थांबतात, त्यामुळे एकाच तपमानावर आणि तितकाच वेळ वाळवलेला माल फाल्गुनात खडखडीत होतो, आषाढात मात्र मॉइश्चर बॅलन्सवर एलओडी, म्हणजे उरलेला ओलावा, मर्यादेबाहेर दाखवतो. मग ऑपरेटर वेळ वाढवतो, दाणे एकमेकांवर आपटून झिजतात, भुकटी वाढते, आणि दोष येतो तो गोळीच्या यंत्रावर. उपाय सर्वांस ठाऊक आहे: आत येणारी हवा आधी थंड करून, तिचे पाणी काढून, किलोमागे आठ ग्रॅमवर आणावयाची आणि मग तापवावयाची. तो उपाय स्वतंत्र यंत्रांस जितका लागू, तितकाच जोडलेल्या मालिकेस. आणि खर्चात काटछाट करण्याची वेळ आली की पहिली कात्री लागते ती नेमकी त्याच उपायावर, कारण ही हवा तयार करणारा एएचयू छतावर असतो व माहितीपत्रकाच्या चित्रात येत नाही.

भाची: यंत्राची पहिली चाचणी बनवणाऱ्याच्या आवारात होणार. तेथे आम्ही आमचा माल नेऊन वाळवून पाहणार आहोत, फेब्रुवारीत.

मामा: फेब्रुवारीत, देशावर? तेथे तर नुसत्या पंख्यावर वाळेल!

भाची: मग आषाढापर्यंत थांबू?

मामा: थांबू नकोस. त्यांच्या हवेच्या वाटेवर वाफ सोडावयास लाव, किलोमागे २३ ग्रॅम होईपर्यंत, आणि त्या हवेवर खळीचा माल वाळवून दाखवा म्हणावे. पाणी काढणारे कॉइल आधी बंद ठेवून, मग चालू करून, अशा दोन बॅचेस. दोन्हींची एलओडी आणि चाळणीवरची भुकटी दोघांच्या सह्यांनी लिहून घ्यावयाची. आणि ही अट खरेदीच्या हुकमात आगाऊ रक्कम देण्याच्या आधीच्या कलमात घाल. नंतरच्या कलमात घातलीस तर ती कोणी वाचत नाही.

भाचीने ते कलम त्याच रात्री लिहून मामांस वाचून दाखवले. मामांनी त्यात एकच फेरफार सुचवला: ‘माल वाळवून दाखवावा’ या शब्दांपुढे, माल महाडच्याच कारखान्यात तयार झालेल्या चूर्णाचा असावा, एवढे जोडावयाचे.